‘स्टेंट इंडियन का फॉरेन?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाला भेटायला गेलं की सोलापुरात दोन प्रश्न ठरलेले. ‘किती ब्लॉक निघाले?’ आणि ‘स्टेंट इंडियन टाकला का फॉरेन?’ तिसरा पैशाचा, तो आतल्या खोलीत हळू आवाजात विचारला जातो. दुसऱ्या प्रश्नामागचा समज असा, की परदेशी जाळी म्हणजे रक्त सुरळीत आणि देशी म्हणजे जरा जपून. रक्ताला जाळी कुठून आली हे कळत नाही. त्याला कळते ती जाळी ज्या धातूच्या काड्यांची बनते त्या काडीची जाडी, काडीची कड, दोन काड्यांमधलं अंतर आणि जाळी भिंतीला नीट टेकली आहे की नाही.

डिस्चार्जच्या फाइलमध्ये एक छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर ‘३.० × २८’ असं काहीतरी असतं. पहिला आकडा फुगवल्यावरचा व्यास, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. शेजारी मॉडेलचं नाव आणि लॉट नंबर. काडीची जाडी स्टिकरवर बहुधा नसते, ती मॉडेलच्या नावावरून काढावी लागते. प्रवाहाच्या दृष्टीने मात्र तोच आकडा फार बोलका आहे.

आधी नळीचा हिशोब. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या बहुतेक ठिकाणी २.५ ते ४ मिमी व्यासाच्या, म्हणजे मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पाइपच्या व्यासाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. गुळगुळीत, संथ प्रवाहात नळीचा व्यास निम्मा झाला की त्याच दाबाला वाहणारं पाणी निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. व्यासाचा चौथा घात, असा तो नियम.

हा नियम सांगून रुग्णाला घाबरवणारे बरेच. पण हृदयात तो अर्धाच लागू पडतो. मोठ्या वाहिनीच्या पुढे हजारो सूक्ष्म वाहिन्या आहेत आणि खरा अडथळा एरवी त्यांचाच असतो. वर ब्लॉक आला की खालच्या सूक्ष्म वाहिन्या सैल होऊन तूट भरून काढतात. म्हणून ७० टक्के ब्लॉकवाला माणूस पारावर आरामात गप्पा मारतो आणि सिद्धेश्वराच्या यात्रेच्या गर्दीत चार पावलं झपाझप चालला की छाती भरून येते. बसल्या जागी लागणारं रक्त मिळतं, चालताना लागणारं तिप्पट-चौपट मिळत नाही. कॅथलॅबमध्ये प्रेशर वायरने एफएफआर मोजतात तो याच कारणाने. औषध देऊन सूक्ष्म वाहिन्या पूर्ण सैल करायच्या आणि ब्लॉकच्या पुढचा दाब मागच्या दाबाच्या किती पट उरतो ते पाहायचं. ०.८० किंवा त्याखाली आला तर ब्लॉक खरोखर रक्त अडवतोय.

आकड्यांत पाहू. वाहिनी ३ मिमीची, प्रवाह मिनिटाला १२० मिली, रोगट भाग २ सेंमी लांब. निरोगी असताना एवढ्या लांबीत दाब अर्धा मिलिमीटर पारा इतकाच घटतो. तोच भाग सलग १.५ मिमीचा झाला तर नुसत्या घर्षणाने साडेआठ मिलिमीटर, आणि १ मिमीचा झाला तर चाळीसच्या वर. शिवाय अरुंद तोंडातून सुटलेला झोत पुढे पसरताना जी शक्ती वाया जाते ती वेगळी. १ मिमीच्या बाबतीत तीही वीसच्या आसपास जाते. स्टेंटचं पहिलं काम ही घट पुसून टाकण्याचं, आणि ते कुठलाही स्टेंट करतो. फरक पडतो तो पुढच्या कामात.

भिंतीला लागून काय चाललंय ते पाहू. विश्रांतीच्या वेळी ३ मिमीच्या वाहिनीत मिनिटाला ६० मिली रक्त जात असेल, तर सरासरी वेग सेकंदाला १४ सेंमी. इतक्या बारीक नळीत आणि इतक्या वेगाला प्रवाह खळखळत नाही, थरांवर थर सरकावेत तसा जातो. भिंतीलगतचा थर अस्तराला पुढे ओढत जातो. ही ओढ या उदाहरणात साधारण १.३ पास्कल येते. एक चौरस मीटर चादर १३० ग्रॅम वजनाने आडवी ओढावी, तेवढीच. पण आतल्या अस्तराच्या पेशी या ओढीवरच जगतात. १ ते २.५ पास्कलच्या दरम्यान त्या प्रवाहाच्या दिशेने लांबट, शिस्तीत उभ्या राहतात, नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि प्लेटलेट्सना चिकटू देत नाहीत. ओढ अर्ध्या पास्कलच्या खाली गेली, किंवा क्षणाला पुढे क्षणाला मागे होऊ लागली, की त्याच पेशी गोलसर, बेशिस्त होतात आणि सूज आणणारी द्रव्यं तयार करू लागतात.

आता या गुळगुळीत भिंतीवर धातूची काडी आणून ठेवा. मंगळवेढा रस्त्यावर सीनेच्या पुलावरून पावसाळ्यात खाली पाहिलं, तर खांबाच्या पुढच्या बाजूला पाणी थोडं थबकतं, बाजूने जोरात जातं आणि मागच्या बाजूला गोल-गोल फिरत राहतं. फांद्या आणि प्लास्टिक त्या भोवऱ्यात अडकलेलं असतं. काडीचं तसंच. काडीच्या माथ्यावर ओढ एकदम वाढते, मागे एक छोटा भोवरा बसतो, पुढेही त्याहून छोटा. माथ्यावरून जाताना प्लेटलेट चेतते आणि लगेच मागच्या संथ खिशात जाऊन पडते. तिथे तिने सोडलेली रसायनं वाहून जात नाहीत, साठतात, आणि पुढच्या प्लेटलेट्सना बोलावतात. गुठळीची सुरुवात अशी होते.

भोवरा किती मोठा हे मुख्यतः काडीच्या उंचीवर ठरतं. काडी ८० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) असेल तर मागचा खिसा लहान, १५० ची असेल तर उंचीच्या प्रमाणापेक्षाही जास्त मोठा, कारण उंच काडी वेगवान थरांपर्यंत पोचते. कडही महत्त्वाची. चौकोनी कडेवरून प्रवाह भिंत सोडून उडतो, गोलसर पाठीवरून तो लवकर परत टेकतो. आणि काडी कुठल्या दिशेला आहे तेही. प्रवाहाला समांतर काडी फारशी आड येत नाही, आडवी काडी सर्वात त्रासाची.

दोन काड्यांमधलं अंतर काडीच्या उंचीच्या साधारण सहा पटीहून कमी असेल, तर एका काडीमागचा भोवरा संपायच्या आत दुसऱ्या काडीपुढचा सुरू होतो. मधल्या भिंतीला ताजा प्रवाह लागतच नाही. ८० मायक्रॉनच्या काडीला अर्धा मिमी अंतर पुरतं, १४० च्या काडीला पाऊण मिमीच्या वर लागतं. मग काड्या खूप लांब-लांब का ठेवत नाहीत? कारण तसं केलं की मधली भिंत आत फुगून येते आणि गोल नळीची बहुकोनी नळी होते. प्राण्यांवरच्या प्रयोगात परिघावर ८ काड्यांच्या जाळीपेक्षा १२ काड्यांच्या जाळीने पोकळी जास्त गोल राहिली आणि आत वाढणारा पेशींचा थरही कमी आला. म्हणजे काड्या जास्त पण पातळ. आपल्याकडच्या विणकराला हे समजावून सांगावं लागणार नाही: बारीक सूत आणि घट्ट वीण. फक्त एक फरक. कॉरोनरी स्टेंट आज बहुतेक विणलेला नसतो. पातळ धातूच्या नळीवर लेसरने नक्षी कोरतात, मग विद्युत-रासायनिक आंघोळीत घालून कडा गोल आणि पृष्ठभाग चकचकीत करतात, औषधाचा लेप देतात आणि दुमडलेल्या फुग्यावर घट्ट दाबून बसवतात.

काडी पातळ करणं ऐकायला सोपं वाटतं, पण त्याला बरीच वर्षं गेली. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. १९८६ साली तुलूजमध्ये माणसाच्या हृदयवाहिनीत पहिली जाळी बसली. सुरुवातीच्या जाळ्या ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या. हे पोलाद पातळ केलं की भिंतीचा दाब पेलत नाही आणि एक्सरेवर दिसतही नाही. औषधाचा लेप असलेला पहिला गाजलेला स्टेंट सायफर, त्याची काडी १४० मायक्रॉनची. पुढे कोबाल्ट-क्रोमियम आलं. ते जास्त ताठ, जास्त घन, म्हणून तेवढीच ताकद कमी जाडीत मिळाली: झायन्सची काडी ८१ मायक्रॉन. प्लॅटिनम-क्रोमियमच्या सिनर्जीची ७४. छोट्या मापाच्या ऑर्सिरोची ६०. आणि सुरतेत बनणाऱ्या सुप्राफ्लेक्सचीही ६०, वापीच्या बायोमाइमची ६५.

म्हणून ‘इंडियन का फॉरेन’ बाजूला ठेवा म्हटलं. सुप्राफ्लेक्स आणि झायन्स यांची समोरासमोर तुलना युरोपातच झाली, १,४३५ रुग्णांवर. ती टॅलेंट चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि एका वर्षाच्या निकालात देशी जाळी कुठे कमी पडली नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, त्याआधी परदेशी स्टेंटसाठी लाखाच्या पुढे पैसे मोजले जात. (कमाल किंमत नंतर बदलत गेली आहे, बिलाशी पडताळताना चालू वर्षाचा आकडा घ्या.) भावाचा आणि काडीचा संबंध तेव्हाही सरळ नव्हता.

जाडीचा पुरावा जुना आहे. म्युनिकच्या आयसार-स्टिरिओ चाचणीत बिनऔषधी, जवळपास सारख्या नक्षीच्या दोन जाळ्या लावल्या, एक ५० मायक्रॉनची, दुसरी १४० ची. सहा महिन्यांच्या अँजिओग्राफीत वाहिनी पुन्हा आकसल्याचं प्रमाण पातळ काडीत १५.० टक्के, जाड काडीत २५.८ टक्के. धातू तोच, औषध नाहीच, फरक जाडीचा.

उलट बाजूचा धडा म्हणजे ॲब्सॉर्ब नावाचा विरघळणारा स्टेंट. कल्पना झकास होती: दोन-तीन वर्षांत जाळी नाहीशी, वाहिनी मोकळी. पण प्लास्टिकसारखं पॉलिलॅक्टिक ॲसिड धातूइतकं ताठ नसतं, त्यामुळे काडी १५७ मायक्रॉनची ठेवावी लागली, तीही चौकोनी आणि रुंद. जाळीत गुठळ्या होण्याचं प्रमाण धातूच्या जाळीपेक्षा जास्त निघालं आणि २०१७ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. माझ्या मते अलीकडच्या काळात रक्तप्रवाहाच्या गणिताने विक्री विभागाला दिलेलं हे सर्वात महाग उत्तर.

जाहिरातीतले ६० मायक्रॉन म्हणजे नुसता धातू, हेही लक्षात ठेवा. वर लेप असतो, काही मायक्रॉनचा. आणि जाळीवर पुढे आपल्या पेशींचा थर चढतो, तो चढायलाच हवा. अस्तराच्या पेशी दोन्ही बाजूंनी सरपटत येऊन काडी झाकतात. काडी पातळ तर चढ कमी, लवकर झाकली जाते. समजा थर काडीच्या उंचीपर्यंतच भरला, त्याहून वर नाही. ३ मिमीच्या वाहिनीत ६० मायक्रॉनच्या काडीने पोकळी २.८८ उरते आणि त्या तुकड्याची वाहण्याची क्षमता ८५ टक्के राहते, १४० च्या काडीने २.७२ आणि ६८ टक्के. हेच २.२५ मिमीच्या बारीक वाहिनीत केलं तर ८० टक्के आणि ५९ टक्के. मधुमेह जुना असेल तर वाहिन्या बऱ्याचदा बारीक आणि लांबवर रोगट असतात, तिथे हे वीस टक्के जाणवतात. मोठ्या ४ मिमीच्या वाहिनीत जाडीची एवढी चिकित्सा करण्यात अर्थ नाही.

पण पातळ तेवढं चांगलं असंही नाही. फार पातळ जाळी कॅल्शियमने दगड झालेल्या भिंतीत दबून राहते, फुगा काढला की थोडी मागे येते. कड्या जोडणारे दुवे कमी केले तर जाळी वळणात छान वळते, पण लांबीच्या दिशेने चेपू शकते. २०११-१२ च्या सुमारास दोनच दुवे असलेल्या एका मॉडेलमध्ये नंतर आत सरकवलेला फुगा किंवा कॅथेटर अडकून जाळीचं तोंड चुरगळल्याच्या नोंदी आल्या. पुढच्या आवृत्तीत कंपनीने तोंडाशी जादा दुवे घातले.

सगळ्यात मोठी गडबड मात्र कारखान्यात होत नाही, फुगवताना होते. ३ मिमीचा स्टेंट पूर्ण उघडला तर आतलं क्षेत्रफळ ७.०७ चौरस मिमी. मध्ये कॅल्शियमच्या कड्याने तो २.४ वरच अडला तर साडेचार. नुसत्या डोळ्याला अँजिओग्राफीत ‘थोडीशी कंबर’ दिसते. त्या तुकड्याची क्षमता उरते ४१ टक्के. वर काडीच्या जाडीने झालेला ८५ आणि ६८ चा फरक यापुढे किरकोळ आहे. उत्तम जाळी अर्धवट उघडली तर साध्या पण नीट उघडलेल्या जाळीपेक्षा वाईट. स्टेंट पुन्हा बंद पडण्याच्या यांत्रिक कारणांत हे सर्वात नेहमीचं.

म्हणून पद्धतशीर काम असं चालतं. मनगटातून सहा फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) कॅथेटर, रक्त गोठू नये म्हणून वजनाच्या किलोमागे ७० ते १०० युनिट हेपरिन, ०.०१४ इंची वायर ब्लॉकच्या पार. मग वाहिनीच्या मापाचा, न ताणणारा फुगा आधी फुगवून पाहायचा. दोन वेगवेगळ्या कोनांतून तो सरळ दंडगोल दिसला पाहिजे. कंबर राहिली तर स्टेंट पुढे करायचा नाही. आधी कॅल्शियम फोडायचं: कटिंग बलून, रोटाब्लेशनचा हिऱ्याचा बर (वेगाने फिरून घासणारं टोक), किंवा ध्वनिलहरींचा फुगा. एकदा जाळी अडकलेल्या अवस्थेत उघडली की मग तिच्या आडून कॅल्शियम फोडणं फार अवघड. त्यानंतर जाळी जागेवर नेऊन सावकाश दाब चढवायचा, पंधरा-वीस सेकंद धरायचा आणि शेवटी आखूड, न ताणणाऱ्या फुग्याने १६ ते २० ॲटमॉस्फिअरला आतून पुन्हा दाबायची. जाळीची दोन्ही टोकं निरोगी भागात पडली पाहिजेत. रोगट कडेवर टोक पडलं तर तिथे चीर जाते किंवा काही महिन्यांनी टोकालाच आकसतं.

उघडली की नाही हे सांगणारी दोन साधनं, आयव्हस आणि ओसीटी. वाहिनीच्या आतून घेतलेली चित्रं. औषधी स्टेंटमध्ये सर्वात अरुंद जागी आयव्हसवर ५.५ चौरस मिमी, ओसीटीवर ४.५ च्या वर क्षेत्रफळ हवं, किंवा आजूबाजूच्या निरोगी भागाच्या ८० टक्क्यांहून जास्त. डाव्या मुख्य वाहिनीचे आकडे वेगळे आणि मोठे. याचा खर्च वेगळा पडतो, म्हणून ‘करायलाच पाहिजे का?’ असं नातेवाईक विचारतात. सरळ, मऊ, छोट्या ब्लॉकमध्ये त्याविना भागतं. लांब जाळी, फाटा, कॅल्शियम किंवा मुख्य वाहिनी असेल तर पैसे जाळीच्या ब्रँडवर घालण्यापेक्षा या चित्रावर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

फाट्याचं एक उदाहरण. पुढे जाणारी फांदी ३.० मिमी, बाजूची २.५. नियमाने मूळ खोड ०.६७८ गुणिले दोन्ही फांद्यांची बेरीज ५.५, म्हणजे ३.७ मिमी. स्टेंट पुढच्या फांदीच्या मापाने ३.० चाच घ्यावा लागतो, नाहीतर फांदी फाटेल. मग खोडात तो चारही बाजूंनी सुमारे ०.३५ मिमी मोकळा राहतो. काड्या भिंतीपासून सुटून प्रवाहात लटकतात आणि रक्त त्यांच्या दोन्ही बाजूंनी जातं. भिंतीवर टेकलेल्या काडीपेक्षा ही लटकलेली काडी कितीतरी वाईट: ओढ जास्त, झाकली जाण्याची शक्यता कमी. उपाय छोटा आहे. ३.७५ चा आखूड फुगा खोडात, बरोबर फाट्याच्या तोंडाशी धरून फुगवायचा. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘पॉट केलं’ असं येतं ते हेच. मात्र ३.० ची जाळी ३.७५ पर्यंत ताणता येते का, हे त्या मॉडेलच्या कमाल मर्यादेवर आहे, आणि ती जाळी निवडतानाच पाहायची असते.

दोन जाळ्या एकावर एक चढलेल्या जागी काडीची उंची दुप्पट होते, म्हणून चढ दोन-तीन मिमीपुरताच ठेवतात.

आता गोळ्या. ॲस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, या जोडीचं काम वरच्या सगळ्या भोवऱ्यांना सांभाळण्याचं आहे, काड्या झाकल्या जाईपर्यंत. औषधी लेप पेशींची वाढ रोखतो म्हणजे अस्तरही उशिरा चढतं. हार्ट अटॅकनंतर साधारण वर्षभर, अटॅकविना केलेल्या अँजिओप्लास्टीत साधारण सहा महिने जोडगोळी, मग एक गोळी चालू. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर हे कमी-जास्त करतात. दात काढायचा म्हणून, उपवास म्हणून किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पहिल्या महिन्यात दोन्ही गोळ्या बंद करणं सर्वात धोक्याचं. दाताच्या डॉक्टरने बंद करायला सांगितल्या तरी आधी हृदयाच्या डॉक्टरला फोन.

सोलापूरचा एप्रिल-मे लक्षात घ्या. चाळीसच्या वर पारा, घामाने अंगातलं पाणी गेलं की रक्तातल्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि रक्त दाट होतं. संथ खिशांमध्ये दाटपणा आणखी जाणवतो, कारण रक्त जितकं हळू वाहतं तितकं ते घट्ट वागतं. लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात तिचा डोस विचारून घ्या. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांनी मनाने तांब्यावर तांब्या रिचवू नये, त्यांचं पाणी मोजून दिलेलं असतं.

राहिलं ते स्टिकर. त्याची शाई ऊन आणि घडी पडून एक-दोन उन्हाळ्यांत उडते. घरी आल्याच्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढा, मॉडेलचं नाव, माप आणि लॉट नंबर वाचता येतील असा. अँजिओग्राफीची सीडी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, सीडी चालवणारं यंत्र आता घरात नसतं. पुढे कधी रात्री-अपरात्री पुणे किंवा हैदराबाद गाठायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरला जाळी कितीची, कुठल्या मॉडेलची आणि तिच्या आत किती मापाचा फुगा नेता येईल, हे त्या फोटोवरूनच कळेल.